भावजींच्या नावाचा लिंब

त्या फाल्गुनात आमचे लक्ष्मीकांत भावजी एकतीस वर्षांचेही होते आणि पाच दिवसांचेही. मी थट्टा करत नाही. शास्त्रीबुवांनी त्यांना घंगाळात बसवून नव्यानं जन्माला घातलं होतं. घंगाळात खरं तर तूप हवं, पण रेशनच्या दिवसांत तूप आणायचं कुठून? म्हणून पाणी भरपूर आणि वर तुपाचा तवंग, असा आमचा गर्भ. मग आत्याबाईंनी त्यांच्या कानात ‘लक्ष्मीकांत’ असं हळूच सांगितलं, जणू त्यांना ते माहीतच नव्हतं. चौथ्या दिवशी मुंज लागली. भिक्षावळीला एवढा मोठा बाप्या ‘ओम भवति’ करत माझ्यापुढं उभा राहिला तेव्हा मी पदर तोंडात कोंबून हसले, आणि त्याच पदरानं डोळेही पुसले. आता राहिलं होतं फक्त लग्न. तेही त्यांच्याच बायकोशी, आमच्या सुलभाशी.

एवढा खटाटोप करावा लागला, कारण भावजी मेलेले होते. म्हणजे आम्हीच त्यांना मारून मोकळे झालो होतो.

भावजी लढाईच्या दुसऱ्या वर्षी पलटणीच्या दवाखान्यात कारकून म्हणून गेले. बंदूक धरायची नाही, नुसती दौत-लेखणी, म्हणून मामंजींनी जाऊ दिलं. पलटण गेली सिंगापूरला. सिंगापूर जपान्यांनी घेतलं आणि त्यानंतर भावजींचं काही कळेना. जिवंत आहेत की नाहीत, हे सांगायला नागपूरचं सरकार तयार नाही आणि दिल्लीचंही नाही. लढाई संपली. आसपासच्या गावांतली माणसं परत येऊ लागली. जालन्याकडचा एक जण म्हणाला, त्या छावणीत साथ आली होती, तिथलं कोणी उरलं नाही. मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, महादेवरावांनी, ते ऐकलं आणि ते शास्त्रीबुवांकडे गेले.

शास्त्र सांगतं, परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहावी आणि मग क्रिया करावी. शास्त्रीबुवांनीही तेच सांगितलं. पण मामंजींची छाती तेव्हा फार दुखायची. ते म्हणाले, “बारा वर्षं मी कुठला राहतोय? माझ्या पोराचं माझ्या हातानं होऊ द्या. मागून कोणी करील न करील.” मग शास्त्रीबुवांनी कुठून तरी आधार शोधला. पितृपक्षाच्या आधी नदीकाठी पळसाच्या देठांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि मामंजींनी त्याला अग्नी दिला. सुलभाचं मंगळसूत्र उतरलं. सर्वपित्री अमावास्येला आम्ही सगळे गावाबाहेरच्या बागेत गेलो आणि भावजींच्या नावाचा लिंब लावून आलो.

ही बाग नवीन होती. देऊळगावच्या एका व्यापाऱ्यानं जागा दिली, तहशीलदारांनी पुढाकार घेतला, आणि मधोमध एक दगडी चौथरा झाला. त्यावर कोरलं होतं: ‘महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ, आणि जगात शांतता नांदावी म्हणून.’ नाव ठेवलं शांतिबाग. गावानं एका आठवड्यात तिचं नाव ‘मेलेल्यांची बाग’ करून टाकलं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं तिथं एक लिंब लावायचा, भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालायचं आणि नावाचा पत्रा ठोकायचा, अशी रीत पडली. देह तर कोणाचाच हाती आला नव्हता. निदान एक जागा झाली, जिथं जाऊन रडता येईल.

आणि माघात भावजी घरी आले.

ते आले त्या सकाळी मी मागच्या अंगणात होते आणि आमच्याकडचे, म्हणजे अनंतराव, शाळेत शिकवायला गेले होते. दारात सुलभा होती. पुढचं मला तिनंच सांगितलं, पण ते कधी सांगितलं ते आता सांगते, कारण सगळी गोष्ट तिथंच अडली.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा लग्नाचं ठरवायला आले. सगळे ओसरीवर बसले. मामंजी कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. भावजी परतल्यापासून मामंजी त्यांच्याकडे धड बघत नव्हते. ज्याला आपल्या हातानं जाळलं त्याच्याशी बोलायचं काय, असं त्यांना होत असणार. शास्त्रीबुवांनी मुहूर्त काढला, पंचांग मिटलं आणि उगाच एक वाक्य टाकलं, “मुलगी जाणती आहे. रीतीप्रमाणे तिला विचारतो. सुलभाबाई, तुमची संमती आहे ना?”

दाराआडून सुलभा म्हणाली, “उद्या सांगते.”

अहो, काय सांगू! आत्याबाईंच्या हातातला पानाचा विडा खाली पडला. शास्त्रीबुवांनी पंचांग पुन्हा उघडलं, जणू त्यात हे उत्तर कुठं लिहिलेलं सापडेल. आमच्याकडच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला शिकवलं. मामंजी उठले आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. दारातून मला एवढंच म्हणाले, “शैलजा, तिची चूक नाही. माझ्या घाईचं फळ आहे हे. मी तिला विधवा केलं, ती कशाला हो म्हणेल या घरात?”

आणि खरं सांगते, माझ्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या. एक, की या पोरीला झालंय तरी काय? आणि दुसरी, की मला कोणी कधी विचारलं होतं? माझं माहेर जालन्याकडचं. लग्नाच्या वेळी मी परकरात होते. मला बोहल्यावर उभी केली, अंतरपाट दूर झाला, आणि समोर अनंतराव. मी हो म्हटलं की नाही, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. सुलभाचंही तसंच झालं होतं. सोनाळ्याहून तिला बैलगाडीत घालून आणली तेव्हा तिच्या हातात बाहुली होती. म्हणून मला तिचा राग आला आणि तिचा हेवाही वाटला.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती भाकरी थापत होती. लढाईत गेलेल्या माणसाची बायको म्हणून चार वर्षं आणि विधवा म्हणून चार महिने काढलेली बाई. वय पंचविशीचं, पण मनगटं काडीसारखी.

“काय गं, डोकं फिरलंय का तुझं?” मी म्हटलं. “चार वर्षं देवापुढं डोकं आपटलंस, आणि आता देवानं दिलं तर उद्या सांगते?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. सोनाळ्याची बोली तिची कधी सुटली नाही, आणि जीव कासावीस झाला की ती आणखीनच वर येते. “जाऊबाई, त्या दिवशी दारात मी होते न वो,” ती म्हणाली. “एक दाढीवाला मानूस उभा होता. हाडं निघालेली, खांद्यावर झोळी. मले वाटलं भिकारी हाय. मी आत गेले, सुपातलं ओंजळभर पीठ आनलं, त्याईच्या झोळीत घातलं, अन् म्हटलं, ‘बाबा, आता पुढं व्हा.’”

 मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आमच्याकडचे शाळेतून आले, पायरीवर बसलेल्या माणसानं ‘दादा’ म्हणून हाक मारली, आणि हे हातातली पुस्तकं टाकून धावले.

“माह्या नवऱ्याले मी पीठ वाढलं, जाऊबाई. दारातून हाकललं. बाकी बायका म्हणतात, नवरा हजारात ओळखू येते. मले समोर उभा ओळखू नाही आला. मग मी चार वर्षं रडले ते कोणासाठी? आता कोणत्या तोंडानं हो म्हणू? अन् त्याईनं आजपर्यंत एक शब्द नाही काढला त्या गोष्टीचा. मनात धरून बसले असतील. मी बोलले तर घाव, नाही बोलले तर बी घाव.”

भाकरी करपली. मी ती काढून घेतली, नाहीतर तिला कळलंही नसतं.

मला तिची समजूत घालता आली असती. बाई गं, दाढीत कोण ओळखू येतो, असं म्हणता आलं असतं. पण मी ते म्हटलं नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतंच. ज्याच्यापाशी होतं तो बाहेरच्या खोलीत गोटा केलेलं डोकं चोळत बसला होता. दाढी होती तेव्हा ओळखू आले नाहीत, आणि आता दाढी गेली तर मुंजीनं डोक्यावरचे केसही नेले. बिचारीनं ओळखायचं तरी कसं?

मी तडक त्यांच्याकडे गेले. म्हटलं, “भावजी, शास्त्रीबुवांनी विचारलं ते सोडा. तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?”

ते खाली बघत म्हणाले, “वहिनी, लग्न होईपर्यंत तिच्याशी एकांतात बोलायचं नाही, असं बुवांनी सांगितलंय.”

“मग एकांत नको. मी बरोबर येते. कुठं बोलता सांगा.”

ते म्हणाले, “मला ती बाग बघायची आहे. माझं झाड आहे म्हणे तिथं.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. शास्त्रीबुवांनी उत्तरासाठी संध्याकाळी दिवेलागणीला यायचं ठरवलं होतं, म्हणून आम्ही उन्हं कलताच निघालो. काय ती वरात! पुढं भावजी, डोक्याला टोपी घट्ट दाबलेली. मागं चार हात सोडून सुलभा. आणि दोघांच्या मध्ये मी, कारण बारा वर्षांपूर्वी लग्न लागलेली ही माणसं आज एकमेकांची कोणी नव्हती आणि त्यांना राखणदार लागत होता. बाजारातून जाताना लोक थांबून बघत होते. एक म्हातारा तर भावजींना बघून हात जोडून उभा राहिला. मेलेला माणूस आपल्याच झाडाला भेटायला निघालाय म्हटल्यावर त्याचं तरी काय चुकलं?

बागेत कोणी दिसत नव्हतं. फाल्गुनाचं ऊन उतरलं होतं. गुडघ्याएवढाले लिंब, प्रत्येकाभोवती काट्यांचं कुंपण, आणि प्रत्येकावर पत्रा. भावजी चौथऱ्यापाशी थांबले, वरची अक्षरं वाचली आणि नमस्कार केला. मग एकेका पत्र्यापुढं थांबत पुढं गेले. बरीच नावं त्यांच्या ओळखीची होती. कोणी त्यांच्याबरोबर शाळेत होता, कोणी कापसाच्या जिनात कामाला होता. तेव्हा मला लाज वाटली. आम्ही घरात मुंज आणि मुहूर्त करत बसलो होतो, आणि हा माणूस ज्यांच्यामधून एकटा परत आला त्यांची चौकशी करायचं आमच्या कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

आपल्या झाडापाशी आल्यावर त्यांनी पत्रा वाचला. ‘कै. लक्ष्मीकांत महादेव.’

“दादाचं अक्षर,” ते म्हणाले. “कै. जरा जास्तच ठळक काढलाय.”

मी हसले. सुलभा हसली नाही.

तेवढ्यात शेजारच्या झाडाच्या कुंपणाआड बसलेल्या शाहजादी चाची उभ्या राहिल्या. त्या मणियारीण, गावातल्या निम्म्या बायकांच्या हातात त्यांनी भरलेल्या बांगड्या. त्यांचा वाहेद लॉरी चालवायला ब्रह्मदेशात गेला होता, आणि तो गेल्याचं त्याच्या सोबत्यांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. त्यात शंकेला जागा नव्हती. कबर तिकडं कुठं तरी, म्हणून चाची या लिंबापाशी रोज पाणी घालायला आणि दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, लोबान लावायला यायच्या. आज फेरीवरून तशाच आल्या होत्या. बांगड्यांची टोपली बाजूला ठेवलेली, हातात पाण्याची घागर.

 त्यांना बघून भावजी एक पाऊल मागं सरले. गेला महिनाभर त्यांनी चाचींच्या गल्लीतून जायचं टाळलं होतं, हे मला ठाऊक होतं.

मग चाचीच बोलल्या. “बेटा, रोज वाहेदच्या झाडाले पाणी घालते, तवा तुह्याले बी घालते. पाचोळा बी काढते. आता तू तर आला. मले सांग, आता घालू का नको घालू?”

 भावजी म्हणाले, “घाला चाची. माझ्याशेजारी तिथं एक जण होता, मद्रासकडचा. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती. त्यानं शेवटच्या दिवशी आपला भात मला दिला. त्याचं गाव मला माहीत नाही. त्याच्या नावानं घाला.”

“हाव,” चाची म्हणाल्या, आणि पाणी घातलं. मग भावजींच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “माहा नाही आला. पन कोणाचा तरी आला, बेटा. वाईट नको वाटून घेऊ तू आला म्हणून.”

भावजी रडले. आल्यापासून पहिल्यांदा. घंगाळात बसताना नाही, मुंजीत नाही, पण त्या माउलीनं असं म्हटल्यावर ते टोपी तोंडावर धरून ढसाढसा रडले. चाची आपल्या वाहेदच्या झाडापाशी जाऊन पाठमोऱ्या बसल्या. मीही थोडी दूर जाऊन पाठ फिरवून उभी राहिले. राखणदारीण म्हणून पाठ फिरवली. कान झाकायला कोणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं सुलभाचा आवाज आला. “त्या दिवशी मी तुम्हाले पीठ वाढलं.”

“हो,” भावजी म्हणाले.

“पुढं व्हा म्हटलं.”

“हो.”

“तुम्ही अजूनपर्यंत काहीच काऊन नाही बोलले? मले शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मले तुमचा चेहरा ओळखू नाही आला. घ्या, सांगून टाकलं.”

मी समोरच्या पत्र्यावरचं नाव वाचत राहिले. 

“मी काय बोलणार?” भावजी म्हणाले. “मीही तुला ओळखलं नव्हतं.”

मी चटकन वळून पाहिलं आणि पुन्हा पाठ केली.

“दारात एक बाई आली,” ते सांगत होते. “कपाळ मोकळं, हात मोकळे, वाळून गेलेली. मला वाटलं, दादानं घर विकलं आणि इथं दुसरेच लोक राहायला आले. ही त्यांच्यातली कोणी विधवा बाई. हिला विचारावं, महादेवराव कुठं गेले? पण तू पीठ आणलंस. भूक होती, मी झोळी पुढं केली. मग पायरीवर बसून विचार करत राहिलो, की आता माझ्या बायकोला शोधायचं कुठं. आणि दार लावून घेताना तू आत कोणाला तरी काहीतरी बोललीस, तेव्हा आवाज ओळखीचा वाटला. पण विश्वास बसेना. दादा येईपर्यंत मी तुझ्याच दारात बसून तुझीच काळजी करत होतो.”

 मग एक आवाज आला, आणि मला वाटलं पोरगी पुन्हा रडायला लागली. पण ती हसत होती. आधी हुंदक्यासारखं, मग खळखळून. तिचं ते हसणं मी चार वर्षं ऐकलं नव्हतं. ती इतकं मोठ्यानं हसते हे मी विसरूनही गेले होते.

“म्हणजे दोघं बी सारखेच,” ती म्हणाली.

“तिथं पहिल्या वर्षी तुझा चेहरा रोज आठवायचा,” भावजी म्हणाले. “मग पुसत गेला. आधी नाक गेलं, मग डोळे. मी घाबरलो. आठवायला बसलो की दुसऱ्याच कोणाचा चेहरा यायचा. शेवटी नुसतं नाव राहिलं, ते धरून बसलो. मला वाटायचं, हे मी कोणाला सांगू शकणार नाही. बायकोचा चेहरा विसरणारा कसला नवरा?”

“मले बी तसंच वाटे,” सुलभा म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा झाला होता की मला माझ्याच खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. “देवापुढं बसले की तुमचं धोतर आठवे, चप्पल आठवे, चेहरा नाही. मग मी देवालेच म्हणे, ज्याची चप्पल अशी हाय त्याले सुखरूप ठेव.”

आता भावजी हसले. मग ते उभे राहिले असावेत, कारण आवाज वरून आला.

“सुलभा, तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. आता मी विचारतो. मी तुला नीटसं ओळखत नाही आणि तूही मला ओळखत नाहीस. रात्री मी ओरडत उठतो. भात ताटात टाकलेला मला बघवत नाही. एका कानानं कमी ऐकू येतं. असा माणूस आहे. लग्न करशील?”

मी देवाला म्हटलं, बोल गं बाई, बोल एकदाची. पण सुलभा बोललीच नाही. पायांचा आवाज आला, माझ्या बाजूनं पुढं गेली, आणि बघते तर ती शाहजादी चाचींच्या पुढ्यात जाऊन मांडी घालून बसली. दोन्ही हात पुढं केले.

“चाची, हिरव्या हायेत का?”

चाचींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भावजींकडे, आणि टोपलीवरचं फडकं काढलं. लग्नाआधी नवरीला हिरवा चुडा भरायचा, ही आमच्या गावची रीत. नवरी हो म्हणते ते तोंडानं नाही, हातानं. सुलभानं तिथंच, भावजींच्या नावाच्या लिंबाशेजारी, कै. लिहिलेल्या पत्र्यासमोर हात दिले. “हात नरम सोड, बाई,” असं म्हणत चाचींनी तिच्या बोटांची हाडं चेपत एकेक बांगडी चढवली. एकही फुटली नाही. भरून झाल्यावर सुलभानं त्यांना वाकून नमस्कार केला, जसा आम्ही सगळ्याच बांगड्या भरणारीला करतो.

“जोडा सलामत राहो,” चाची म्हणाल्या. मग फडकं बांधता बांधता माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वाहेदच्या बायकोच्या हातातल्या म्याच उतरवल्या होत्या. तवापासून हिरव्या भरताना हात कापे. आज नाही कापला. बरं वाटलं.”

 मी त्यांची टोपली उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात लावला.

परत येताना मी मध्ये चालले नाही. शास्त्रीबुवांना जे म्हणायचं ते म्हणोत. मी पुढं झाले आणि ती दोघं मागून बोलत येत होती. कशाबद्दल ते मी ऐकलं नाही, आणि हे मात्र अगदी खरं आहे.

मामंजी ओसरीवर येऊन बसले होते. शास्त्रीबुवा यायचे होते. मामंजींनी आम्हाला काही विचारलं नाही, पण सुलभा पायरी चढली तशा बांगड्या वाजल्या, आणि म्हातारा खुर्चीचा हात धरून उभा राहिला. त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं. कालपासून त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता.

“हो म्हटलंस?” त्यांनी विचारलं.

“हाव, मामंजी.”

ते खाली बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. मग त्यांना एकदम काळजी लागली. “पण पोरी, कन्यादानाला कोण बसणार? तुझे वडील गेले, सोनाळ्याला तुझं कोणी उरलं नाही. बुवा आता येऊन तेच विचारतील. कोणाला बोलवायचं?”

“तुम्ही बसा,” सुलभा म्हणाली.

“मी? मी वरबाप आहे गं.”

“वरबाप दादा होतील. माह्या बाजूनं तुम्ही बसा. मले दुसरा बाप कुठी हाय?”

मामंजींनी आपले दोन्ही हात तिच्यापुढं धरले.  “सुलभे, या हातांनी मी त्याला अग्नी दिला. तुझं कुंकू पुसलं. या हातांनी कसलं कन्यादान?”

“त्याच हातानं द्या,” ती म्हणाली.

 मामंजींनी तिच्यामागं उभ्या असलेल्या भावजींकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि एका हातानं तिला आणि दुसऱ्या हातानं त्यांना जवळ ओढलं. छातीतून असा आवाज निघाला की आतून आत्याबाई धावत आल्या. मी त्यांना म्हटलं, काही झालेलं नाही, सगळं बरं आहे, आणि ते म्हणताना माझंही रडू थांबेना. मग मी आत जाऊन चूल पेटवली, कारण घरातलं कोणीच कालपासून धड जेवलं नव्हतं.